घराण्याची मुळं जुन्या दप्तरात शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं सातारा-पुणे भागातल्या नातेवाइकांना, मित्रांना आणि मित्रांच्या मित्रांना वंशावळ लावायला मदत करतो आहे. सुरुवात स्वतःच्या घरापासून झाली. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. बहुतेक माहिती जुन्या मुंबई इलाख्यातल्या गावांची आहे. मराठवाडा, विदर्भ आणि गोव्याबद्दल त्या-त्या ठिकाणी लिहिलं आहे.

सुरुवात कुठून करायची? आडनाव शोधून काही सापडेल का?

आडनावाने शोधायला बसलात तर हमखास भरकटाल. एकाच आडनावाची घराणी दहा जिल्ह्यांत असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. शिवाय शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कितीतरी कागदांत आडनाव लिहिलेलंच नसतं. नुसतं "धोंडी बिन बाळू, मौजे अमुक" एवढंच असतं. म्हणून गाव धरा. मूळ गाव, तालुका, आणि जमीन असेल तर तिचा गट नंबर या तीन गोष्टी हातात असल्या की अर्धं काम झालं.

आणि नेहमी स्वतःपासून मागे जा. मी, वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी एकेक पायरी कागदाने पक्की करा, मगच पुढची चढा. इतिहासातला एखादा नावाजलेला सरदार धरून तिथून खाली आपल्यापर्यंत येण्याचा मोह होतो. तसा जोडलेला दुवा मधेच कुठेतरी तुटलेला असतो आणि तो तुटलेला आहे हे कबूल करायला कुणी तयार नसतं.

घरात काय शोधू?

ट्रंका, माळा, देव्हारा आणि माणसं. जुन्या लग्नपत्रिका, रेशनकार्ड, गिरणीची किंवा पोस्टाची पासबुकं, खरेदीखतं, दस्त, सावकाराच्या पावत्या. दस्ताच्या मागच्या बाजूला साक्षीदारांच्या सह्या-अंगठे असतात, तेही वाचा. साक्षीदार बहुतेक वेळा चुलता, मेहुणा किंवा व्याही असतो.

देव्हाऱ्यातले टाक पाहा. कुलदैवत कुठलं, देवक काय, घरात वीराचा टाक आहे का, जत्रेला पूर्वी कुठल्या गावी जायचे? कोकणात राहणाऱ्या एखाद्या घराची कुलदेवता गोव्यातली निघाली, तर पूर्वजांच्या प्रवासाची दिशा तिथेच कळते.

घरातल्या सगळ्यात वृद्ध बाईशी आधी बोला. पुरुष शेतीच्या वाटण्या सांगतात. कोण कुणाच्या घरी दिली, कुणाचं बाळंतपण कुठे झालं, कोण लहानपणीच गेलं, हे बायका सांगतात. फोनवर रेकॉर्ड करून घ्या. मी आजीशी बोलायचं एक दिवाळी पुढे ढकललं आणि पुढच्या दिवाळीला ती नव्हती.

आमचं घर साधं शेतकऱ्याचं. ना वतन, ना इनाम. आमची नोंद कुठे असणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं. शेतकऱ्याची नोंद असते, आणि भरपूर असते. सरकारला सारा हवा असतो, त्यामुळे जमीन कसणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय कुठल्याच राजवटीचं चाललेलं नाही. इंग्रजांची सर्व्हे पद्धत १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत इलाखाभर पसरली. शेताशेताला सर्व्हे नंबर पडला आणि प्रत्येक नंबरापुढे खातेदाराचं नाव आलं. दरबारात कधीही न गेलेल्या माणसाचं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट, त्या बाडात आहे.

सातबाऱ्यावरून मागे कसं जायचं?

आजच्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात काही आकडे दिसतात. ते फेरफार क्रमांक. प्रत्येक आकडा म्हणजे एक घटना: कुणी वारलं, वाटणी झाली, खरेदी झाली, बोजा चढला. एकेक फेरफार काढत मागे गेलं की घराण्याची गोष्ट उलट्या क्रमाने उलगडत जाते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ सालचा, त्यामुळे इथल्या गावांत फेरफारांचा धागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत जाऊ शकतो. त्यामागे कडई पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक असे कागद लागतात.

वाटेत एक खड्डा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगावी एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर माहीत नसेल तर मागचे कागद सापडणार नाहीत. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागा. तिथले लोक त्याला "नऊ-तीन, नऊ-चार" म्हणतात. त्यात जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ असतो.

जुन्या उताऱ्यांवरची काही अक्षरं नीट समजून घ्या. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे हे दिसलं तर धाकटे भाऊ त्या एका नावामागे आहेत असं समजा. आमच्या घरी चुलत्यांची एक शाखा "आपली नव्हेच" असं पन्नास वर्षं मानलं जात होतं. ती याच तीन अक्षरांवरून आमची निघाली. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. लहान वारसाचं नाव लावताना आई, चुलता किंवा आजोबा पालनकर्ते म्हणून येतात, त्यामुळे एका ओळीत दोन पिढ्या हाती लागतात. गाव नमुना सहा-क हे तलाठ्याच्या दप्तरातलं वारसांचं रजिस्टर आहे, तेही मागून घ्या.

कागद कुठे मिळतील? तलाठी कार्यालय, तहसीलची रेकॉर्ड रूम म्हणजे अभिलेख कक्ष, आणि तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय. नकलेचा अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन सरकारच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर आले आहेत. आधी तिथे पाहा, मग एसटी पकडा.

जन्ममृत्यूच्या नोंदी किती मागे जातात?

आजचा जन्ममृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, पण गावपातळीवर त्याच्या खूप आधीपासून गाव नमुना चौदा लिहिला जात होता. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या पानांवर बाळाचं नाव शोधू नका, बहुधा नसतंच. बारशाआधीच नोंद व्हायची. "तुकाराम बाळा यास मुलगा" एवढंच लिहिलेलं असतं, सोबत तारीख आणि जात. मग भावंडांचा क्रम लावून कोणती नोंद कुणाची हे ठरवावं लागतं. मी एका कागदावर उभी रेघ मारून एका बाजूला घरच्यांनी सांगितलेला क्रम लिहितो, दुसऱ्या बाजूला नमुना चौदामधल्या नोंदी. दोन्हीकडे मोकळ्या राहिलेल्या जागा म्हणजे लहानपणीच दगावलेली मुलं. १८९६ नंतरची प्लेगची वर्षं आणि १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ यांची पानं वाचताना हात थांबतो. एकाच घरातल्या तीन-चार नावांपुढे एकाच आठवड्याच्या तारखा असतात.

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख खरी मानायची का?

शाळेचं जनरल रजिस्टर उत्तम पुरावा आहे, पण नाव, वडिलांचं नाव, जात आणि गाव यांच्यासाठी. तारखेसाठी नाही. गावातल्या निम्म्या वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण जूनमध्ये शाळा उघडायची आणि गुरुजी अंदाजाने तारीख टाकायचे.

कागद मोडीत आहे. काय करू?

घाबरू नका आणि फेकू तर मुळीच नका. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महसुली आणि खासगी लिखाण मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या जलद लिपीत, चालायचं. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरूने, हात न उचलता, खाली अक्षरं लिहीत जायची. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून सुरुवातीला सगळं पान एकच लांब शब्द वाटतं.

पुराभिलेख खात्याचे आणि काही विद्यापीठांचे मोडीचे वर्ग असतात. दोन-तीन महिने रोज पान गिरवलं तर नावं, गावं आणि आकडे वाचता येऊ लागतात, आणि वंशावळीला तेवढं पुरतं. कोर्टात किंवा जातपडताळणी समितीपुढे द्यायचं असेल तर मात्र जाणकार लिप्यंतरकाराकडून रीतसर लिप्यंतर करून घ्या.

वाचताना अडतील असे शब्द: "बिन" आणि "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" किंवा "भ्रतार" हे बाईच्या नवऱ्याचं नाव सांगतात, "मौजे" म्हणजे गाव, "कसबा" म्हणजे बाजारपेठेचं मोठं गाव, "तर्फ" आणि "परगणा" म्हणजे त्या काळचे विभाग.

कागदावरचा सन कुठला हेच कळत नाही.

शक असेल तर ७८ मिळवा. शके १८२२ म्हणजे इसवी सन १९००. पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तारीख असेल तर ७९ मिळवावे लागतात. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर साधारण ५९० मिळवा. पेशवाईच्या कागदांवर सुहूर सन असतो, त्यात ५९९ मिळवायचे. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो, म्हणून वर्ष दोन इसवी सनांत विभागलं जातं.

सुहूर सन आकड्यांत नसतो, अरबी शब्दांत असतो, आणि तो एककापासून वाचायचा असतो. "सीत सबैन मया व अलफ" याचा अर्थ सहा, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे ११७६, म्हणजेच १७७५-७६. एकदा कळलं की मजा येते. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आम्ही मराठवाड्यातले. आमचे कागद वेगळे का?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तुमचा भाग हैदराबाद संस्थानात होता. दफ्तर उर्दूत, सन फसली. मुक्तीच्या वेळी १३५७ फसली चालू होतं, हे एक वर्ष लक्षात ठेवलं की बाकीची मोजता येतात. खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि १९५१ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही हे तिथले महत्त्वाचे कागद. उर्दू वाचणारा एखादा निवृत्त कारकून किंवा शिक्षक गाठा. नावांची उर्दू लिखावट फसवी असते, म्हणून गावातली नावं आधी त्यांना तोंडी सांगून ठेवा.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा महसूल, शाळा, पोलीस, कारागृह, दुय्यम निबंधक अशा सगळ्या दप्तरांची झडती झाली. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, वंशावळ शोधणाऱ्याला त्या याद्या फार उपयोगी आहेत.

विदर्भातल्या गावांचे कागद मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पद्धतीचे असतात. तिथे बंदोबस्त मिसळ (जमाबंदीच्या वेळचं गावाचं दप्तर) आणि अधिकार अभिलेख (हक्कनोंदी) मागा.

तीर्थाच्या ठिकाणी वंशावळ मिळते हे खरं का?

खरं आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया अशा ठिकाणी तीर्थोपाध्यायांच्या घरी वह्या आहेत. आडनाव, गाव आणि जात सांगितली की तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते कळतं. तिथे गेलेल्या पूर्वजाने सोबत कोण होतं, मुलं-नातवंडं कोण, हे लिहवून घेतलेलं असतं. कधीकधी खाली त्याची स्वतःच्या हातची सही असते. जाताना तुम्हीही आजच्या पिढीची नावं लिहून या, मुलींची आणि सुनांचीसुद्धा. दक्षिणा द्या. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं म्हणून आपल्याला मिळतं.

दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगलीकडे, हेळवी येतात. सुगी झाली की दारात बैल घेऊन उभे राहतात आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात, घरात नवं मूल झालं असेल तर वहीत चढवतात. तुमच्या गावी कुठले हेळवी येतात हे जुन्या माणसांना विचारा.

या वह्या महसुली कागदांइतक्याच काळजीने तपासा. पाच-सहा पिढ्यांपर्यंत त्या बहुधा बरोबर असतात. त्याच्याही पलीकडे सरळ सूर्यवंशापर्यंत धागा गेला, तर तो भक्तिभावाने ऐका, पण आपल्या तक्त्यात घेऊ नका.

पुण्याच्या पेशवे दप्तरात जाऊन शोधू का?

वतन, इनाम, पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी किंवा फौजेतली नोकरी घराण्यात होती असं पक्कं माहीत असेल तर जरूर जा. हजारो रुमालांत मोडी कागद बांधून ठेवलेले आहेत. आपल्या कामाचा सगळ्यात मोठा ठेवा तिथे आहे तो इनाम कमिशनचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांनी इनामदारांना हक्क सिद्ध करायला लावलं, तेव्हा प्रत्येकाने कैफियत, म्हणजे आपल्या हक्काची हकीगत, आणि वंशावळ सादर केली. पण हातात गाव, परगणा आणि अंदाजे साल नसताना गेलात तर रुमालांपुढे बसून परत याल. मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही पुराभिलेखागारं आहेत. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ इथल्या संग्रहांतही घराण्यांची दप्तरं आहेत.

बायकांची नावं कुठेच सापडत नाहीत.

सापडतात, पण वाकून शोधावी लागतात. विधवा वारस म्हणून, अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून, दत्तकपत्रात, पोटगीच्या दस्तात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावं सासरच्या आडनावासह येतात, मग त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलेलं का असेना. त्यावरून सासरची गावं कळतात.

आमच्या पणजीला घरात सगळे "थोरली आई" म्हणायचे. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. एका फेरफारात ओळ निघाली: खातेदार मयत, वारस मुलगा वय सात, अज्ञान पालनकर्ती आई, आणि पुढे तिचं नाव. खाली तिचा अंगठा होता, शाई जरा पसरलेली. नक्कल घेऊन घरी आलो तेव्हा वडिलांनी ते नाव दोन-तीनदा मोठ्याने वाचलं. तेव्हापासून श्राद्धाला तिच्या नावाने पान वाढलं जातं.

आमच्या पूर्वजांकडे जमीनच नव्हती. मग?

महार वतनाची घरं असतील तर हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी पाहा. गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला (वतन-इनामाच्या) जमिनींची नोंदवही, तिथे वतनदारांची नावं आहेत. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतनं खालसा झाली आणि जमिनी परत मिळवण्यासाठी अर्ज झाले, त्या प्रकरणांच्या फायली तहसील आणि प्रांत कार्यालयांत शोधा. पलटणीत कुणी होतं का तेही विचारा.

भटक्या-विमुक्तांची वाट फार खडतर आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कितीतरी घराण्यांची नोंद फक्त पोलिसांच्या रजिस्टरात आणि सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंटच्या, म्हणजे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलेल्या वसाहतींच्या, कागदांत झाली. १९५२ साली तारेचं कुंपण सुटलं. पूर्वजांचं नाव गुन्हेगारांच्या यादीत वाचणं किती जड जातं ते मी एका मित्रासोबत बसून पाहिलं आहे. जन्माने लादलेला तो शिक्का होता, तरीही आजोबांचं नाव, वय आणि गाव सांगणारा तोच एक कागद त्याच्या हाती आहे, आणि तो त्याने जपून ठेवला आहे.

आडनाव बदललं, जिल्हाही बदलला. कसं जुळवायचं?

गावावरून "कर" लावलेलं, हुद्द्यावरून पडलेलं, गिरणीत हजेरी घेणाऱ्याने लिहिलेलं, अशी आडनावं सर्रास बदलली आहेत. भाऊ-भाऊ वेगळी आडनावं लावतात. जमिनीचा नंबर मात्र बदललेल्या आडनावातही सापडतो. जिल्ह्यांचं म्हणाल तर सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, जालना त्याच वर्षी, लातूर १९८२ मध्ये. जुनं दप्तर कधीकधी मूळ जिल्ह्यातच राहिलेलं असतं. धरणाखाली गेलेल्या गावांसाठी पुनर्वसन शाखेत विचारा.

जातीच्या दाखल्यासाठी कुठल्या सालापर्यंतचा पुरावा लागतो?

अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. नुसती जुनी नोंद पुरत नाही, तो माणूस तुमचा कोण हे मधल्या प्रत्येक पिढीच्या कागदाने दाखवावं लागतं.

गोवा आणि मॉरिशसचं काय?

गोव्यात चर्चची बाप्तिस्मा रजिस्टरं आणि गावकारीची म्हणजे कोमुनिदादीची दप्तरं आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांबरोबर मराठी कागदही आहेत.

मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटिया मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. तिथे उतरल्यावर प्रत्येकाला नंबर मिळाला आणि नाव, वडिलांचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा लिहिल्या गेल्या. ही दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथून रत्नागिरीकडे मूळ शोधत कुणी आलं तर गावाच्या नावाची लिखावट वेडीवाकडी असते. ती मोठ्याने उच्चारून बघा, स्थानिक माणूस लगेच ओळखतो.

डीएनए चाचणीने काम होईल का?

चुलत घराण्यांचं नातं पडताळायला थोडी मदत होते. नाव आणि गाव मात्र ती सांगत नाही.

मिळालेले कागद कसे जपायचे?

लॅमिनेशन करू नका. आत कोंडलेला कागद पिवळा पडतो आणि मग त्याला हात लावता येत नाही. सेलोटेपही नको. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. प्रत्येक फोटोला गाव, साल, कुठल्या कार्यालयातून, कुठल्या तारखेला मिळाला, हे नाव द्या. तक्त्यात प्रत्येक नावाखाली कागद कोणता ते लिहा. ऐकीव नाव पेन्सिलने, कागदाने पक्कं झालेलं शाईने. आमच्या तक्त्यात सातव्या पिढीची दोन नावं अजून पेन्सिलीत आहेत. पुढच्या महिन्यात वाईच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांच्यासाठी अर्ज टाकायचा आहे.